चिनी शिकायला कुठल्या गल्लीत राहावं

मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी, शिकायला परदेशी जायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो उच्चारांचा. "बीजिंगला जा, तिथली भाषा शुद्ध." दुसरा लगेच त्याला खोडून काढतो. बीजिंगचे लोक उठसूट शब्दाच्या शेपटीला 'र' जोडतात, त्यापेक्षा हार्बिन बरं, तिथले उच्चार बातम्या देणाऱ्यांसारखे स्वच्छ. तिसऱ्याचा अभ्यास आणखी खोल असतो. तो सांगतो, खरी प्रमाण चिनी ऐकायची तर हेबेई प्रांतातल्या ल्वानफिंग तालुक्यात जा. १९५३ साली प्रमाण उच्चार ठरवायचे होते तेव्हा भाषातज्ज्ञ तिथल्याच लोकांचं बोलणं टिपून घेऊन गेले होते. ल्वानफिंगवाल्यांना या गोष्टीचा अजून अभिमान आहे. आणि का नसावा?

मला मात्र हे सगळं ऐकताना हटकून सदाशिव पेठ आठवते. समजा, उद्या तैवानमधल्या एखाद्या मुलीला मराठी शिकायचीय आणि ती मला विचारते, राहू कुठे? पुस्तकातली मराठी जिच्यावर बेतलीय ती मराठी पेठेत बोलतात, कबूल. पण ही मुलगी दुकानात शिरली की दुकानदार तिचा चेहरा बघून हिंदी काढणार, रिक्षावाला हिंदी काढणार, आणि खोलीवरच्या बाकीच्या मुली स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत डोकं खुपसून बसलेल्या असणार. तीच कोल्हापूरजवळच्या एखाद्या गावात भाड्याने राहिली तर रोज 'काय करालायस?' ऐकेल, 'ण' आणि 'न' यांची अदलाबदल ऐकेल, कुठल्याच व्याकरणात न सापडणारी क्रियापदं ऐकेल. पण शेजारीण चटणीची वाटी घेऊन दारात येईल, आणि 'तुमच्यात लग्नात काय काय देत्यात?' इथून सुरुवात करून तिला तासभर सोडणार नाही. सहा महिन्यांनी कोणाची मराठी जास्त पुढे गेलेली असेल? उच्चार नंतर घासूनपुसून घेता येतात. बोलायला माणूसच मिळालं नाही तर घासणार काय?

मी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, खरेदी खात्यात होते. निंगबो आणि सुझौच्या पुरवठादारांशी रोजचा संबंध. मेल इंग्रजीत चालायचे, पण खरी बोलणी फोनवर, चिनीत, दुभाष्यामार्फत. समोरचा माणूस पाच मिनिटं बोलायचा आणि दुभाषी मला एका वाक्यात सांगायचा, "ते म्हणतात, बघतो." मधल्या पाच मिनिटांत काय काय होऊन गेलं हे मला जाणून घ्यायचं होतं. शनिवार-रविवारचे वर्ग करून एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी दिली, आणि मग ठरवलं की नोकरी सोडून काही काळ नुसती भाषाच करायची. कुठे, हा प्रश्न त्यानंतर आला आणि बरेच दिवस मुक्कामाला राहिला.

बीजिंगपासून सुरुवात केली, जशी सगळेच करतात. तिथलं भाषा आणि संस्कृती विद्यापीठ १९६२चं. परदेशी लोकांना चिनी शिकवणं हेच त्याचं मूळ काम. ते वूदाओकौ भागात आहे. बीजिंगची तरुण मंडळी या वूदाओकौला गमतीने 'विश्वाचं केंद्र' म्हणतात. आजूबाजूला विद्यापीठंच विद्यापीठं, कोरियन खानावळी, कॉफीची दुकानं, आणि जगभरातून चिनी शिकायला आलेली मुलं, जी आपसात इंग्रजी बोलतात. त्यात चीनमधल्या बहुतेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांचं वसतिगृह वेगळं असतं, चिनी मुलांपासून लांब. बाहेर खोली घेतली तर चोवीस तासांच्या आत पोलिसांत नोंद करायची, त्यासाठी घरमालकाने कागद द्यायचे, आणि परदेशी भाडेकरूची ही कटकट नको म्हणणारे मालक पुष्कळ. नवखा माणूस मुकाट्याने वसतिगृह घेतो. प्रमाण उच्चारांच्या राजधानीत राहून दिवसातले दहा तास इंग्रजी बोलण्याची इतकी चोख सोय दुसरीकडे मिळणार नाही.

हार्बिनने मला जास्त भुरळ घातली. ईशान्य चीनची माणसं गप्पिष्ट म्हणून प्रसिद्ध आहेत. चिनी टीव्हीवरचे कितीतरी विनोदवीर तिकडचे. पण जानेवारीत तिथे रात्रीचा पारा उणे वीसच्याही खाली असतो. २० ऑक्टोबर ते २० एप्रिल, म्हणजे अर्धं वर्ष, घरं गरम ठेवण्याची सार्वजनिक व्यवस्था चालू असते. घरात ऊब असते, गप्पाही असतील. मी मात्र कोणाच्या घरात? अशा हवेत गल्लीच्या तोंडाशी कोण उभं राहणार, असं मनात आलं आणि हार्बिन यादीतून खाली सरकलं.

चेंगदूचं उलट. तिथे बागेत बांबूच्या खुर्च्या टाकलेली चहाघरं आहेत, आणि एका पेल्यावर दुपार काढणं हा तिथला रिवाज आहे. पण शेजारच्या टेबलावर चालतं ते सिचुआनी. त्यात बऱ्याच जणांच्या तोंडी 'न' आणि 'ल' एकमेकांत मिसळतात, आणि तिसऱ्या पातळीच्या विद्यार्थ्याला आपण पैसे भरून दुसरीच भाषा शिकलो की काय असं वाटू लागतं. कुनमिंग समुद्रसपाटीपासून जवळपास १९०० मीटर उंचीवर, वर्षभर हवा छान, खर्च कमी. बोली तिथलीही वेगळी. सिंगापूरबद्दल तर नातेवाइकांचंच मत होतं: आपली माणसं आहेत, महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती आहे, आणि चिनीही आहेच. ते खरंच आहे. १९७९मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी तिथे 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली आणि घराघरातल्या हॉक्किएन, तेओच्यू, कँटोनीजच्या जागी मँडरिन येऊ लागली. पण पुढच्या पिढ्यांत घरातली भाषा इंग्रजी होत गेली, आणि माझ्यासारखा चेहरा समोर आल्यावर खाऊगल्लीतल्या आजीबाईही इंग्रजीच बोलतात. त्यांचा काय दोष? समोरच्याची सोय बघणं हा चांगुलपणाच आहे. शिकणाऱ्याला तो महागात पडतो.

शेवटी बराचसा निर्णय माझ्या हातात राहिलाच नाही. २०२०च्या मार्चमध्ये चीनने परदेशी विद्यार्थ्यांना दारं बंद केली ती २०२२च्या ऑगस्टपर्यंत. वैद्यकीय शिक्षण अर्धवट टाकून आलेली आपली हजारो मुलं इथे घरी बसून पडद्यावर शरीरशास्त्र शिकत होती. दारं उघडल्यावरही भारत आणि चीन यांच्यातली थेट विमानं बंदच होती. ती २०२५च्या ऑक्टोबरमध्ये कोलकाता ते ग्वांगझौ अशी पुन्हा सुरू झाली. शिवाय चीनमध्ये व्हॉट्सॲप चालत नाही, आणि माझ्या आईला व्हॉट्सॲपखेरीज काही चालत नाही. तर तैवान.

तैवानशी भारताचे राजनैतिक संबंध नाहीत, त्यामुळे दूतावास नाही. व्हिसासाठी 'तैपेई आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र' अशी पाटी असलेल्या कचेरीत जायचं. मी गेले तेव्हा ती दिल्लीत आणि चेन्नईत होती. ऑक्टोबर २०२४पासून मुंबईतही आहे. तिथे गेलं की लिपी पारंपरिक, म्हणजे जास्त रेघांची. ज्याला उद्या सुझौच्या माणसाशी पत्रव्यवहार करायचाय त्याला सोपी केलेली लिपीही शिकावी लागणार, हा तोटा धरूनच चालायचं. उच्चारांसाठी मात्र तैवानमधली मुलं रोमन अक्षरांऐवजी बोपोमोफो नावाची ३७ चिन्हं गिरवतात, आणि तो तक्ता बघून मला फार बरं वाटलं. ओठांचे वर्ण एकत्र, जिभेच्या टोकाचे एकत्र, कंठाचे एकत्र. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृतचं वर्णशास्त्र चीनमध्ये गेलं, तिथल्या जुन्या ध्वनितक्त्यांवर त्याचा ठसा उमटला, आणि तीच मांडणी फिरत फिरत १९१३ सालच्या या चिन्हांपर्यंत आली.

मराठी कानाला चिनीत काही गोष्टी फुकटात मिळतात. 'प' आणि 'फ', 'त' आणि 'थ', 'क' आणि 'ख' यांतला फरक पाळताना अमेरिकन विद्यार्थ्यांच्या नाकी नऊ येतात. 'चाक'मधला 'च' वेगळा आणि 'चार'मधला वेगळा, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. माझ्या वर्गातल्या दिल्लीकर मुलीला शिकावं लागलं. तेव्हा उच्चारांची माझी जी काही भीती होती ती इथेच निम्मी झाली. उरलेली तैवानच्या बाजाराने घालवली. जीभ मागे वळवून म्हणायचा 'श' तिथे पुष्कळ लोक सरळ 'स' म्हणतात. परिणामी चार आणि दहा हे आकडे फक्त सुरावर वेगळे राहतात: खाली कोसळणारा 'स' म्हणजे चार, वर चढणारा 'स' म्हणजे दहा. पेरूवालीने चाळीस म्हटलं की चौदा, हे तिच्या आवाजाच्या चढउतारावरून ओळखायचं. ती ज्या चिनीत हिशेब करत होती ती ल्वानफिंगच्या परीक्षेत नापास झाली असती. पेरू मात्र उत्तम होते, मिठाऐवजी आंबटगोड आलुबुखाराची पूड लावून देत.

आता मुद्द्याची गोष्ट. भाषा शिकायच्या व्हिसावर राहायचं तर तैवानमध्ये आठवड्याला किमान १५ तास वर्ग करावे लागतात. आठवड्याचे एकूण तास १६८. उरलेले १५३ कुठे आणि कोणाबरोबर घालवायचे, याचं उत्तर शाळा देत नाही, खोली देते. आणि लोक महिनोन्‌महिने शाळा निवडतात, खोली मात्र दोन दिवसांत.

तैपेईत चिनी शिकवणारं सगळ्यात जुनं आणि मोठं नाव म्हणजे राष्ट्रीय तैवान नॉर्मल विद्यापीठाचं मँडरिन केंद्र, १९५६चं. ते हपिंग पूर्व रस्त्यावर आहे, आणि तिथून राष्ट्रीय तैवान विद्यापीठापर्यंतचा सगळा पट्टा विद्यार्थ्यांचा. रात्रबाजार, पुस्तकांची दुकानं, फळांचा रस, कपडे धुण्याची स्वयंचलित दुकानं. शाळा कुठलीही असो, परदेशी मुलं खोली तिथेच शोधतात. मीही शोधली. खोल्यांच्या जाहिराती '५९१' नावाच्या संकेतस्थळावर असतात, सगळ्या चिनीत, आणि पहिला धडा तिथेच सुरू होतो. 'थाओफांग' म्हणजे स्वतःचं न्हाणीघर असलेली खोली, 'याफांग' म्हणजे न्हाणीघर सामायिक. 'तिंगच्या' दिसलं की सावध व्हायचं: इमारतीच्या गच्चीवर मागाहून चढवलेली पत्र्याची खोली. भाडं कमी, पण जुलैत पारा पस्तिशीच्या वर गेला की आतला माणूस भाजून निघतो. 'फक्त मुलींसाठी', 'पाळीव प्राणी नकोत', आणि सगळ्यात जास्त वेळा, 'स्वयंपाक करता येणार नाही'. तैपेईतल्या निम्म्या खोल्यांत चूलच नसते की काय असं वाटलं. ज्याला दिवसातून एकदा वरणभात लागतो त्याने ही ओळ आधी वाचावी. तातुंग कंपनीचा विजेचा कुकर मात्र बहुतेक मालक चालवून घेतात. १९६०पासून तो त्यांच्या घरोघरी आहे. त्याला ते स्वयंपाक धरत नाहीत.

विद्यापीठाच्या पट्ट्यातल्या दोन-तीन खोल्या बघितल्या. एक खरंच चांगली होती, खिडकी होती, आणि बाकीच्या तीन खोल्यांत एक फ्रेंच, एक ब्राझिलियन आणि एक मुंबईची मुलगी. मला त्या घरात चिनी बोलण्याचं एकही कारण दिसेना. खाली चोवीस तास उघडं असणारं दुकान. तिथला पोरगा "पिशवी हवी का?" आणि "गरम करून देऊ का?" एवढंच विचारतो, आणि तेही न ऐकता मान हलवून काम भागतं. भुयारी रेल्वेत सगळे गप्प. जेवण यंत्रावर बटण दाबून मागवायचं. आधुनिक शहर इतकं सोयीचं असतं की त्यात दिवसेंदिवस तोंड उघडायची गरज पडत नाही. बोलणं कुठे घडतं? जिथे माणसं ताटकळतात तिथे. मग मी खोलीची पाहणी करायची सोडून गल्लीत लोक कशाकशासाठी थांबतात ते बघायला लागले.

त्या शोधात नदी ओलांडून चुंगहला पोहोचले. तैपेईच्या दक्षिणेला शिन्त्येन नदी आहे, तिच्या पलीकडे नवं तैपेई. नाव नवं, वस्ती जुनी. योंगह आणि चुंगह हे दोन भाग तैवानमधल्या अतिशय दाटीच्या वस्त्यांत मोडतात. पाच मजली, बिनलिफ्टच्या इमारती, खालच्या मजल्यावर कुठे चाव्या करणारा, कुठे न्हाव्याचं दुकान, कुठे देवळीएवढं देऊळ. गल्लीला उपगल्ली आणि उपगल्लीला नंबर. नारिंगी रेल्वेचं शेवटचं स्थानक नानशिच्याओ. तिथून शाळेकडचं कूथिंग चार स्थानकं. भाडं नदीच्या अलीकडच्या काठापेक्षा बरंच कमी.

घरमालकीण तळमजल्यावर राहायची, भाडेकरू चौथ्यावर. सगळे तिला 'आयी' म्हणत, तिथे तिच्या वयाच्या बाईला म्हणतातच तसं, त्यामुळे मला जीभ वळवायचे कष्टच नव्हते. तिने माझे कागद बघितले नाहीत. जेवायला काय लागतं, घरी कोण कोण असतं, लग्न का नाही झालं, भावाचं झालंय का, त्याला मुलं किती, एवढं विचारलं आणि किल्ली दिली. अर्धं मला कळलं नाही. पण प्रश्न इतके ओळखीचे होते की उत्तरं अंदाजाने बरोबर गेली.

आणि मग घंटागाडी. तैवानमध्ये रस्त्यावर कचराकुंडी जवळजवळ नसते. कचरा जमिनीला टेकता कामा नये असा तिथला नियम आहे. संध्याकाळी ठरलेल्या वेळी पिवळी गाडी बीथोवनची एक धून वाजवत येते आणि प्रत्येकाने आपापला कचरा हाताने तिच्यात टाकायचा. पालिकेचीच विकतची पिशवी हवी, नाहीतर घेत नाहीत. मागून येणारी दुसरी गाडी बाटल्या, कागद, प्लास्टिक घेते. उष्टंखरकटं वेगळ्या बादलीत, त्यातही तेव्हा शिजलेलं डुकरांना जायचं आणि कच्चं खताला. गाडी चुकली तर कचरा घरात, आणि दमट उन्हाळ्यात माशांच्या डोक्यांसह कचरा घरात म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून सगळे दहा-पंधरा मिनिटं आधीच कोपऱ्यावर येऊन थांबतात. वकील थांबतो, आजोबा थांबतात, शाळेतून आलेली पोरं थांबतात. हातात पिशवी असल्याने फोन बघता येत नाही. मग करणार काय? बोलतात.

पहिले काही दिवस माझ्या बादलीवर चर्चा झाली. केळीचं साल कच्च्यात की शिजलेल्यात? चहाचा चोथा? नारळाची करवंटी दोन्हीकडे नको, ती साध्या कचऱ्यात, असा निकाल एका आजोबांनी दिला आणि त्यावर दुसरे आजोबा भांडले. भांडण मला जवळजवळ पूर्ण कळलं. वर्गात आम्ही तेव्हा 'पर्यावरण संरक्षण' हा धडा करत होतो. त्यातला एकही शब्द कोपऱ्यावर कोणी वापरला नाही, आणि कोपऱ्यावरचा एकही शब्द धड्यात नव्हता.

त्या कोपऱ्यावर सर्वांत चांगली चिनी कोणाची असेल तर जावाहून आलेल्या एका बाईची, असं माझं मत झालं. म्हणजे परदेशी लोकांत. तैवानमध्ये म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची घरी काळजी घ्यायला आलेल्या दोन लाखांहून जास्त परदेशी बायका आहेत, त्यातल्या बहुसंख्य इंडोनेशियाच्या. ही त्यांतली एक. नव्वदीच्या आजींना चाकाच्या खुर्चीत बसवून एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्या हाताने कचरा सांभाळत यायची. आजींशी तैवानी होलो भाषेत बोलायची, आजींच्या मुलाशी मँडरिनमध्ये, फोनवर जावानीजमध्ये. वर्गाचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, अक्षरं फारशी येत नव्हती, पण औषध संपलं, आजी जेवत नाहीत, रात्री दोनदा उठल्या, डॉक्टर पुढच्या मंगळवारी बोलावतायत, हे सगळं ती असं सांगायची की मी नुसती ऐकत राहायची. राहायचं कुठे हे तिने ठरवलं नव्हतं. ते एजंटाने ठरवलं, आणि त्याचे पैसे तिच्याच पगारातून कापले जात होते. हार्बिन की चेंगदू करत बसणं ही चैन आहे, हे तिच्याशेजारी उभं राहिल्यावर वेगळं कोणी सांगावं लागत नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मला त्या कोपऱ्यावर बरेचदा आठवले. १९३८मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते गेले. आधी येनान, मग उत्तर चीनची आघाडी, आजच्या हेबेईतली डोंगराळ खेडी. मागे जखमी सैनिक, पुढे जपानी फौज. तिथे त्यांनी चिनी इतकी आत्मसात केली की वैद्यकीय शाळेत चिनीतून शिकवत. १९४२च्या डिसेंबरमध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. चीनमध्ये त्यांनी काढलेली वर्षं जेमतेम चार. 'प्रमाण उच्चार' ठरण्याआधीची गोष्ट. समोर पडलेल्या शेतकऱ्याला कुठे दुखतंय ते ज्या बोलीत कळेल तीच त्यांची चिनी असणार.

शनिवारी मी ह्वाशिन रस्त्यावर जायची. नानशिच्याओ स्थानकापासून चालत अंतर. ही गल्ली ब्रह्मदेशातून आलेल्या चिनी लोकांची. तिकडच्या मालमत्ता सरकारजमा होऊ लागल्या, १९६७मध्ये रंगूनला चिनी लोकांविरुद्ध दंगली झाल्या, त्यानंतर कुटुंबंच्या कुटुंबं इथे येऊन वसली. पाट्या दोन लिप्यांत, चिनी आणि गोल गोल ब्रह्मी. उकडलेले वाटाणे आणि भट्टीतली रोटी, साखर भुरभुरलेला पराठा, समोसे, दाट दुधाचा चहा. एवढं सगळं बघून परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाने काय करावं? मी दर शनिवारी तेच केलं. तिथे सकाळी म्हातारे पुरुष एका चहावर तास तास काढतात आणि टेबलावर जागा नसली तर आपणहून खुर्ची सरकवतात. चिनी बोलतात ती युन्नानी वळणाची. युन्नानच्या बऱ्याच बोलींत ओठांचा चंबू करून काढायचा 'यू' नाहीच, त्याचा सरळ 'यी' होतो. माशाच्या रस्स्यातल्या शेवया हे तिथलं मुख्य खाणं, आणि माशाला चिनीत 'यू'. त्यांच्याकडून शिकून मी सोमवारी वर्गात 'यी' खाल्ल्याचं सांगितलं. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग चुंगहला राहतेस ना, असं विचारलं. त्यांचे सासरे तिकडचेच होते.

चाकणला परतल्यावर सुझौचा पुरवठादार पहिल्याच फोनवर हसला. मी तैवानी मालिकेतल्या मुलीसारखी बोलते म्हणाला, गोड आणि जरा लाडिक. खरेदीच्या कामाला हा सूर फारसा उपयोगाचा नाही हे खरंच आहे. भाव पाडून मागताना आवाज खाली आणावा लागतो. सोपी लिपी वाचायला मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला. काही शब्द बदलावे लागले. ज्याला चीनमधल्या कंपनीतच नोकरी धरायचीय त्याने आता विमानं सुरू झालीच आहेत तर सरळ तिकडे जावं, मीही तेच सांगते. फक्त पहिलं सत्र संपलं की परदेशी विद्यार्थ्यांच्या इमारतीतून बाहेर पडायची खटपट करावी, पोलिसांतली नोंद करून देणारा मालक सापडेपर्यंत चिकाटी ठेवावी. बीजिंगच हवं असा हट्ट नसला तर दुसऱ्या फळीतली शहरं बघावीत, जिथे परदेशी चेहऱ्याशी इंग्रजीत बोलायची लोकांना सवय नाही.

आता मला अशा चौकशीचे फोन येतात. गेल्या वर्षी नाशिकची एक मुलगी शिष्यवृत्तीवर ताइचुंगला गेली. जाण्याआधी तिने शाळांचा तक्ता करून पाठवला होता: फी, तास, वर्गात किती मुलं, पुस्तकं कुठली. मी तिला विचारलं, खोलीच्या खाली काय आहे? तिला हा प्रश्न आवडला नाही. तिकडे पोहोचून तिने स्वस्तात मिळाली म्हणून एका न्याहारीच्या दुकानावरची खोली घेतली. तैवानमधली ही दुकानं पहाटे पाच-साडेपाचला उघडतात, तव्यावर अंड्याची धिरडी पडायला लागतात, आणि दुकानदारीण येणाऱ्या प्रत्येकाला 'देखण्या' नाहीतर 'सुंदरी' म्हणून हाक मारते. मुलीची आता तक्रार आहे की झोप होत नाही, कपड्यांना तेलाचा वास येतो, आणि खालची बाई रोज जाता-येता थांबवून काहीतरी विचारत बसते. या महिनाअखेर विद्यापीठाजवळ, वातानुकूलित, शांत जागेत जायचा तिचा विचार आहे. मी तिला भाड्यातला फरक विचारला, अनामत परत मिळणार का तेही विचारलं, आणि कानात घालायचे बोळे कुरियरने पाठवते म्हणून सांगितलंय.